तुमच्या गाण्यात गोळेवाला का नाही?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. कोल्हापुरातल्या चार मित्रांचा रॉक बँड आहे, सगळे तेवीस-चोवीस वर्षांचे, त्यातले दोघे आता पुण्यात नोकरीला. त्यांनी बालपणावर एक मराठी गाणं केलंय. रंकाळा, मिसळ, तालीम, पन्हाळा सगळं त्यात आहे. घरचे ‘छान झालंय’ म्हणतात, पण दुसऱ्यांदा कुणी लावत नाही. बीटल्स या जुन्या इंग्लिश बँडचं ‘पेनी लेन’ मात्र यांनी शेकडो वेळा ऐकलंय, बीटल्सचं गाव लिव्हरपूल कधी न बघता. तर परक्या गावचं गाणं आपलं वाटतं आणि आपल्या गावचं गाणं गावालाच का लागत नाही, हा प्रश्न. शेपटाला आणखी एक: बालपणीच्या आठवणी काढायला आमचं वय फार लहान आहे का?

वयाचं आधी मिटवू. ‘पेनी लेन’ रेकॉर्ड झालं तेव्हा ते लिहिणारा बीटल्समधला पॉल मॅकार्टनी चोवीस वर्षांचा होता. त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ होतं. ते लिहिणारा त्याचा जोडीदार जॉन लेनन सव्वीसचा. लिव्हरपूल सोडून लंडनला येऊन त्यांना तीन-चार वर्षंच झाली होती. तुमचा हिशेब जवळजवळ तोच आहे, तेव्हा ही सबब चालणार नाही.

मी तीसेक वर्षं इथं छोटा स्टुडिओ चालवतोय, त्याआधी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. मंडळांची गाणी, देवीची गाणी, निवडणुकीची गाणी, सगळी पोटापाण्यासाठी केली. त्यातली निम्मी तरी ‘आमचं कोल्हापूर लई भारी’ या एकाच चालीवर जातात. तुमचा डेमो मी तीनदा ऐकला: स्टुडिओत, गाडीत आणि मोबाइलच्या स्पीकरवर. वाजवता चांगलं. ड्रमर पोरगा तर फारच नेटका आहे. दोष शब्दांत आहे, आणि शब्दांचा दोष सुरांतही उतरलाय.

पहिल्या कडव्यात रंकाळ्याची संध्याकाळ, दुसऱ्यात मिसळीची तर्री, तिसऱ्यात तालमीची माती. (तर्री हा शब्द तुम्हाला पुण्यात चिकटला, आपल्याकडं कट म्हणतात. ‘सर्री-तर्री’ यमकासाठी स्वतःच्या गावची मिसळ विकलीत की ओ!) ही यादी एसटी स्टँडवर उतरलेल्या पाहुण्यालाही ठाऊक असते. ती लिहायला लहानपण इथं काढावं लागत नाही. ‘आठवण’ हा शब्द मी मोजला, नऊ वेळा आलाय.

आता ‘पेनी लेन’मध्ये काय आहे ते बघा. पेनी लेन ही लिव्हरपूलच्या उपनगरातली एक साधी वाट, आणि त्याच नावानं ओळखला जाणारा नाका. तिथं बसगाड्या वळायच्या, चौकाच्या मधोमध एक निवारा होता, आणि ही पोरं तिथं बस बदलायची. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं मिरजकर तिकटी धरा, किंवा रंकाळा स्टँड. लिव्हरपूलमध्ये जगप्रसिद्ध बंदर होतं, मोठमोठी चर्च होती, फुटबॉल होता. त्यातलं काही गाण्यात घेतलेलं नाही. घेतलेत ते चार माणसं: गिऱ्हाइकांचे फोटो लावणारा न्हावी, मोटारवाला बँकर, आपला बंब चकाचक ठेवणारा अग्निशामक दलाचा जवान, आणि ट्रेमधून पॉपीची फुलं विकणारी नर्स. बस्स. पुढं हे गाणं इतकं गाजलं, की त्या रस्त्याच्या पाट्या लोक चोरून न्यायला लागले आणि शेवटी नाव भिंतींवर रंगवायची पाळी आली. रस्ता प्रसिद्ध होता म्हणून गाणं चाललेलं नाही. झालं ते उलटं.

आणि ही चार माणसं नुसती उभी नाहीत. शेवटच्या कडव्यात न्हावी दुसऱ्याच गिऱ्हाइकाची दाढी करतोय, बँकर केस कापायला ताटकळत बसलाय, आणि धो धो पावसातून तो बंबवाला दुकानात धावत शिरतो. सुट्या सुट्या ओळखींची एका खोलीत गाठ पडते. तुमच्या गाण्यात रंकाळा मिसळीला भेटत नाही. भेटणार तरी कसा? जागा आणि पदार्थ चालत येत नाहीत, माणसं येतात.

दुसरी गोष्ट काळाची, म्हणजे क्रियापदाच्या काळाची. तुमच्या गाण्यात सगळं ‘होतं’, ‘होता’, ‘होतो’. मराठीत या ‘होतो’चा मोह जबर असतो, कारण यमक फुकटात मिळतं. ‘पेनी लेन’ वर्तमानकाळात आहे. न्हावी फोटो लावतो, बंबवाला बंब पुसतो, पोरं बँकरच्या पाठीमागं हसतात. त्यात ‘बालपण’ असा शब्द नाही, ‘गेले ते दिवस’ नाही, उसासा नाही. ध्रुवपदात गाणारा फक्त सांगतो, की हे सगळं माझ्या कानांत आणि डोळ्यांत आहे. आत्ता. ऐकणाऱ्याला दुःख सांगितलेलं नसतं, म्हणून तो स्वतःचं घालतो. आणि हो, त्यात एक ओळ चक्क चावट आहे, शाळकरी पोरं गल्लीच्या कोपऱ्यावर बोलतात तसली. लिव्हरपूलच्या बाहेर ती फार थोड्यांना कळली. तुमचं गाणं इतकं सोवळ्यातलं आहे, की त्यात एकाही पोरानं कधी शिवी दिलेली नाही. शिवाजी पेठेत वाढून?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते, ती हवामानाची. ध्रुवपदात उपनगराचं निळं आभाळ आहे, उन्हाळ्याचा उल्लेख आहे, आणि कडव्यांत मात्र पाऊस कोसळतोय. नर्स विकते ती पॉपीची कागदी फुलं इंग्लंडमध्ये नोव्हेंबरात विकतात, युद्धातल्या मृतांच्या स्मरणासाठी. म्हणजे एकाच रस्त्यावर एकाच वेळी उन्हाळा, पाऊस आणि नोव्हेंबर. बँकर तर त्या पावसात रेनकोटही घालत नाही, आणि गाणं स्वतःच म्हणतं की हे विचित्र आहे. चूक म्हणावी तर ही चूक मुद्दाम ठेवलेली आहे. कारण डोक्यातला रस्ता असाच असतो. शंभर दिवसांचे फोटो एकावर एक ठेवून त्यातून बघितल्यासारखा. आपल्याकडं वळवाच्या दिवसांत ऊन असताना पाऊस आला की पोरं ‘कोल्ह्याचं लग्न’ म्हणून ओरडतात, तसलं काहीतरी.

इथं तुमच्याकडं येतो. तुम्ही पाठवलेल्या लांबलचक मजकुरात, डेमोच्या तांत्रिक तपशिलांच्या खाली, एक वाक्य जाता जाता लिहिलंय. शाळेच्या फाटकासमोर एक माणूस उन्हाळ्यात बर्फाचा गोळा विकायचा आणि पावसाळ्यात त्याच जागी छत्र्या दुरुस्त करायचा, आणि त्याच्या गाडीवर तुमच्यातल्या एकाची तीन रुपये उधारी अजून आहे. हे वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. अरे पोरांनो, गाणं हे आहे! ते तुम्ही पत्रात टाकलंत आणि गाण्यात रंकाळा ठेवलात.

त्याला वर्तमानकाळात उभा करा. एकाच दुपारी तो डाव्या हातानं गोळ्यावर काला खट्टा ओततो आणि उजव्या हातानं छत्रीची काडी सरळ करतो. ऊन आहे, पाऊसही आहे. समजावून सांगू नका. कोल्हापूरचं नावही घेऊ नका. ऐकणाऱ्याला त्याच्या शाळेसमोरचा माणूस दिसेल, मग तो माणूस भले भेळ विकत असेल.

माझ्या लहानपणीचा एक नमुना देतो, वापरायचा असेल तर वापरा. आमच्या गल्लीत तासावर सायकल भाड्यानं देणारा होता. सायकल देताना तो दुकानातल्या घड्याळाकडं बघून वहीत वेळ लिहायचा आणि परत घेताना स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघायचा. दोन्हींत दहा मिनिटांचा फरक होता. आम्हा सगळ्या पोरांना हे माहीत होतं आणि आम्ही कुणीही कधी बोललो नाही. आता बघा, हा तुमच्या गोळेवाल्याकडं पावसात छत्री दुरुस्त करायला आला आणि त्यानं विचारलं, ‘किती वेळ लागेल?’ तर तिसरं कडवं तिथंच सुरू झालं.

आता सुरांकडं. तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच चार कॉर्ड फिरवल्यात. त्यात वाईट काही नाही, पण मग शब्दांनी कितीही सांगितलं तरी गाणं जागेवरून हलत नाही. ‘पेनी लेन’चं कडवं पांढरी सातच्या (पेटीवरच्या सातव्या पांढऱ्या पट्टीला ‘सा’ धरून) मेजरमध्ये सुरू होतं, अगदी प्रसन्न, पियानो टकाटक चालतोय, खालून बास पायऱ्या उतरतोय. आणि कडव्याच्या मध्यावर तोच षड्ज, म्हणजे ‘सा’, कायम ठेवून ते मायनरमध्ये जातं. म्हणजे आपल्या भाषेत शुद्ध गंधार (‘ग’) जाऊन कोमल गंधार येतो. एक सूर अर्ध्या पट्टीनं उतरला, एवढंच झालं. शब्दांत काही दुःखद घडत नसतं, न्हाव्याकडं लोक येता-जाता नमस्कार करत असतात. पण खालची जमीन जराशी खचते. गाण्यातली सगळी हुरहूर त्या एका गंधारात आहे. तुम्ही ती ‘आठवण’ या शब्दात शोधताय.

हे हार्मोनियमवर करून बघा. डावा हात पांढरी सातवर षड्ज धरून ठेवा, उजव्यानं शुद्ध गंधार लावा, थांबा, मग कोमल. पुन्हा शुद्ध. गिटारवर करण्याआधी पेटीवर करा म्हणतोय, कारण गिटारवर हात आकार पकडतो आणि कान झोपतो.

ध्रुवपदाची गंमत आणखी पुढची. आपल्याकडचे अरेंजर ध्रुवपद उंच ठेवतात आणि शेवटी टाळ्यांसाठी एक पट्टी चढवतात. ‘पेनी लेन’चं ध्रुवपद कडव्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली येतं, पांढरी सहावर. कडवं रस्त्यावर, ध्रुवपद आठवणाऱ्या माणसाच्या खुर्चीत, असं मला तरी ऐकू येतं. आणि शेवटचं ध्रुवपद तेवढं वर चढून पांढरी सातवर येतं, कडव्याच्या मूळ पट्टीवर. ती चढण टाळ्यांसाठीही असेल, पण मी तिचा अर्थ असा लावतो: गाणारा शेवटी त्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तुमच्या गायकाचा आवाज वर फाटतो असं तुम्हीच लिहिलंय, तर ही युक्ती तुमच्या सोयीचीही आहे. ध्रुवपद खाली आणा.

आवाजांचं बोलायचं तर हलगी काढून टाका. हलगीवर माझा राग नाही, मी स्वतः डझनभर गाण्यांत वाजवून घेतलीय. पण चाळिसाव्या सेकंदाला हलगी आली की ऐकणाऱ्याला कळतं, आता ‘कोल्हापूर’ येणार. मॅकार्टनीनं काय केलं बघा. गाणं बरंचसं झालं होतं, मधल्या तुकड्याला काहीतरी हवं होतं. त्या दिवसांत त्यानं बीबीसीवर बाख या जुन्या जर्मन संगीतकाराची दुसरा ब्रँडेनबुर्ग कॉन्सर्टो ही वाद्यरचना पाहिली आणि त्यातल्या बारक्या, उंच आवाजाच्या ट्रम्पेटवर त्याचा जीव जडला. निर्माता जॉर्ज मार्टिननं ती पिकोलो ट्रम्पेट वाजवणाऱ्या डेव्हिड मेसनलाच बोलावलं. १७ जानेवारी १९६७ ला मॅकार्टनीनं सूर गाऊन दाखवले, मार्टिननं लिहून घेतले, मेसननं वाजवले. त्या वाद्याचा लिव्हरपूलशी, न्हाव्याशी, बसथांब्याशी काही संबंध नाही. तरी आज ते वाजलं की तो रस्ताच दिसतो. गावचा म्हणून ठरलेला आवाज त्यानं शोधला नाही, त्या आठवड्यात जो कानात अडकला तो घेतला. (बंबाची घंटा तेवढी आहे गाण्यात, ती जिथल्या तिथं, माफक.) तुमच्या कानात सध्या काय अडकलंय? लग्नाच्या ब्रास बँडमधलं क्लॅरिनेट असेल तर ते आणा, मी वाजवणारा शोधून देतो.

पियानोही नीट ऐका. एकच पियानो वाटतो, पण एकावर एक चढवलेले आहेत, त्यातला एक गिटारच्या अँपमधून काढलेला, एक टेपचा वेग बदलून घेतलेला. आणि हे सगळं चार ट्रॅकच्या, म्हणजे शेजारी शेजारी चारच आवाज मावणाऱ्या टेपवर. जागा संपली की आधीचे ट्रॅक एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे, मग त्यांतला तोल परत बदलता येत नाही. मी सुरुवातीला कॅसेटवरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर काम केलंय. असंच एकदा उतरवताना एका भजनाचा तबला पार पुसून टाकला होता, तेव्हा ही भीती मला चांगली ठाऊक आहे. तुमच्या फाइलमध्ये एकसष्ट ट्रॅक आहेत. त्यातले सात गिटारचे, सातही जवळजवळ सारखे, ‘नंतर ठरवू’ म्हणून ठेवलेले. नंतर कुणी ठरवत नाही. दोन ठेवा.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हीसुद्धा लिव्हरपूलचीच जागा, लेननच्या घराजवळचं साल्व्हेशन आर्मीचं मुलांचं अनाथालय. तिथल्या बागेत उन्हाळी जत्रा भरायची. मॅकार्टनी रस्ता बाहेरून बघतो. लेननच्या गाण्यात जागा जवळपास दिसतच नाही, दिसतं ते तिथं एकटं बसलेल्या पोराचं डोकं. त्यात सुरुवातीला जी बासरी वाटते ती मेलोट्रॉनची: प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असलेलं कीबोर्ड. आणि मध्येमध्ये झर्रकन एक सर येते, ती बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसननं वाजवलेल्या स्वरमंडळाची. होय, आपल्या गवयांच्या मांडीवर असतं तेच स्वरमंडळ. मिरज इथून पन्नासेक किलोमीटरवर. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच गल्लीतून मी पंचवीसेक वर्षांपूर्वी एक स्वरमंडळ आणलं, फक्त या गाण्यापायी. जुळवण्यात अर्धी दुपार जाते आणि वाजतं दहा सेकंद. पण ती दहा सेकंद!

या गाण्याचे दोन निराळे टेक (निरनिराळ्या वेळी वाजवून केलेली ध्वनिमुद्रणं) जोडलेत, सातवा आणि सव्विसावा. लेननला एकाची सुरुवात आवडली, दुसऱ्याचा शेवट. दोन्हींची लय वेगळी, पट्टी वेगळी. मार्टिन आणि इंजिनियर जेफ एमरिक यांनी एकाचा वेग वाढवला, दुसऱ्याचा कमी केला, आणि पट्ट्या जुळल्या. जोड साधारण एका मिनिटाला आहे. एकदा कळला की पुन्हा न ऐकू येणं कठीण. वेग बदलल्यानं लेननचा आवाज झोपेतल्यासारखा जड झाला, आणि तो त्या गाण्याला शोभला. तुमच्यातला जो शब्द लिहितो त्याचा पिंड मात्र मला मॅकार्टनीचा वाटतो, माणसं बघणारा. त्यानं उगाच अंतर्मुख होऊ नये.

व्हिडिओसाठी रंकाळ्यावर ड्रोन उडवायचा बेत लिहिलाय. पैसे वाचवा. ‘पेनी लेन’च्या प्रचारफिल्ममध्ये बीटल्स दिसतात ते बरेचसे लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागातल्या रस्त्यावर आणि केंटमधल्या एका उद्यानात, घोड्यांवर बसून. लिव्हरपूलची दृश्यं त्यांच्याशिवाय घेऊन मध्ये टाकली. कुणाचं काही बिघडलं नाही. आणि आकड्यांची चिंता असेल तर हेही ऐका: फेब्रुवारी १९६७ मध्ये ही रेकॉर्ड आली तेव्हा ‘पेनी लेन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण खुद्द ब्रिटनमध्ये दुसऱ्यावरच अडकलं. एंगलबर्ट हंपरडिंक या गायकाचं एक विरहगीत वर ठाण मांडून बसलं होतं.

केशवराव भोसले नाट्यगृहावरचं तुमचं चौथं कडवं वेगळं काढून ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं त्या रात्री मीही खासबागेच्या बाजूला रस्त्यावर उभा होतो, तेव्हा भावना समजते. पण या गाण्यात ते आलं की गोळेवाला एकदम लहान होतो, आणि सगळं श्रद्धांजली बनतं. त्याच्यावर निराळं गाणं करा. त्यातही ते १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलं वगैरे सांगत बसू नका. विंगेत बसून तुमच्यापैकी कुणी शाळेच्या स्नेहसंमेलनात मिशी चिकटवून घेतली असेल, ती मिशी लिहा.

तर दोन कडवी नव्यानं लिहा, वर्तमानकाळात, ‘आठवण’ न लिहिता. सुरुवातीचं बेचाळीस सेकंदांचं गिटार दहावर आणा. पुढच्या महिन्यात पुण्यातले दोघे आले की सगळे मिळून स्टुडिओत या, स्वरमंडळ जुळवून ठेवतो. येताना गिटारच्या तारा बदलून आणा, डेमोत तिसरी तार सगळीकडं उतरलेली आहे. आणि त्याआधी शाळेसमोर जाऊन बघा, तो माणूस अजून असेल तर तीन रुपये देऊन टाका.